गळ आणि निरोप

बेंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीकाठी भीमेश्वरी आहे. महाशीर माशासाठी परदेशी शौकीनही तिथे येत. नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून तासन्‌तास बसावे आणि मिळालेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा, असा रिवाज होता. (हे क्षेत्र १९८७ पासून अभयारण्य, २०१० नंतर तिथे गळ टाकण्यासही मनाई झाली, ते योग्यच झाले.)

१९९४ मध्ये एका स्नेह्यासह तिथे जायचे ठरले. सामानाची जुळवाजुळव तासाभरात आटोपली. घराशी संबंध कसा राखायचा, यात मात्र आठवडा गेला. आई अंथरुणाला खिळलेली, आणि नदीकाठी दूरध्वनी नव्हता. अखेर जीपवाल्याने रोज सायंकाळी वाटेवरच्या गावातील एसटीडी बूथवरून घरी विचारपूस करावी, काही कमीजास्त असेल तरच खाली निरोप आणावा, असे ठरले. एकांताची थोरवी गाणारे आपले ललित लेखक असल्या तिसऱ्या माणसाच्या खेपा क्वचितच नोंदवतात. चारही दिवस माझे लक्ष दोरीपेक्षा रस्त्याकडेच अधिक होते. जीप आली नाही.

आई पुढे दोन वर्षे होती. रोज सायंकाळी फोनवर हिंदी-कानडीच्या मिश्रणात तिची प्रकृती विचारणाऱ्या त्या अनोळखी गृहस्थाची चौकशी ती अधूनमधून करीत असे.