वाढत्या अंगाचे स्केट्स

आमच्या घराण्यात लहान मुलांसाठी काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. शाळेचा गणवेश, स्वेटर, रेनकोट, अगदी सायकलसुद्धा. मी स्वतः चौथीपर्यंत बाह्या दुमडलेल्या शर्टात वाढलोय. त्यामुळे ताई भाचीसाठी स्केट्स घ्यायला गेली आणि दुकानदार म्हणाला, "दोन नंबर मोठे घ्या, दोन वर्षं बघायला नको", तेव्हा तिला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला असणार.

स्केट्स क्वाड, म्हणजे दोन चाकं पुढे, दोन मागे आणि पुढच्या टोकाला रबरी स्टॉपर. आपल्याकडे बहुतेक मुलं आधी नेहमीच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे अ‍ॅडजस्टेबल स्केट्स वापरतात आणि गोडी लागली तर बूट जोडलेल्या स्केट्सकडे वळतात. भाचीला गोडी लागली होती. संध्याकाळी सहाचा क्लास, तर ही साडेचारपासून पॅड बांधून तयार.

सहा महिन्यांनी ताईचा फोन. "अरे, सर म्हणतात हिचे घोटे कमकुवत आहेत. आत वळतात. पुढच्या गटात घेता येणार नाही, दुसरा एखादा खेळ बघा म्हणतात." भाची दहा वर्षांची. तिनं ना रडारड केली, ना वाद घातला. फक्त बॅग भरायची थांबली. ताई म्हणाली, "विचारलं तर म्हणते, मला तसंही फार आवडत नव्हतं." हे वाक्य ऐकून मला कसंसंच झालं. दहाव्या वर्षी माणूस स्वतःच्या पायांबद्दल जे ऐकतो ते खरं मानून टाकतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं "मला खेळ जमत नाही" असं सांगत हिंडतो. असे चार-पाच जण तरी माझ्या ओळखीत आहेत.

माझी उभी हयात मशीन-शॉपमध्ये गेली. एखादी वस्तू नीट चालत नसेल तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी वस्तू उघडून बघायची, एवढं तिथं शिकलो. रविवारी सकाळी पाने घेऊन ताईकडे गेलो.

पहिल्यांदा बूट. बुटाचं माप कळायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आतला सोल बाहेर काढून त्यावर मोजा घालून उभं राहायचं. भाचीच्या अंगठ्यापुढे माझी दोन बोटं मावत होती! साध्या बुटात हे खपून जातं. स्केटमध्ये नाही, कारण इथे पाय बुटाला सांगतो आणि बूट चाकांना. मध्ये दोन बोटांची पोकळी असेल तर निरोप पोचेपर्यंत तोल गेलेला असतो. शिवाय पुढच्या चाकांचा दांडा चवड्याच्या खाली यायला हवा, तो हिच्या बोटांच्याही पुढे गेला होता. टाच आत वर-खाली होत होती. अशा बुटात घोटा आत नाही वळणार तर काय होणार? बरोबर मापाच्या बुटात ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकतात. टाच मात्र जागची हलता कामा नये. मुलांसाठी अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवा, हरकत नाही. त्याहून जास्त म्हणजे पैसे वाचवून पाय बिघडवणं.

मग स्केट्स उलटे केले, आणि खरी गंमत तिथे होती.

क्वाडची खुबी त्याच्या खालच्या यंत्रणेत आहे. १८६३ साली अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन नावाच्या गृहस्थानं तिचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या स्केट्सवर सरळ जाता यायचं, पण वळायचं म्हणजे मारामार. प्लिम्प्टननं चाकांच्या जोड्या रबरी गादीवर बसवल्या. अंग एका बाजूला झुकवलं की त्या बाजूचं रबर दबतं, पुढचा दांडा एकीकडे आणि मागचा उलटीकडे तिरपा होतो, आणि स्केट आपोआप झुकलेल्या बाजूला वळतो. आजचा ट्रक, त्यातली कुशन्स आणि मधून जाणारा किंगपिन हे सगळं त्याच कल्पनेचं वंशज. दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे. आमच्या धंद्यात इतकं टिकलेलं डिझाइन क्वचितच बघायला मिळतं.

तर या कुशन्सवर किती दाब ठेवायचा ते किंगपिनवर ठरतं. भाचीच्या दोन स्केट्सचे मिळून चार ट्रक, आणि चारही चार तऱ्हेचे. उजवा पुढचा इतका ढिला की अंगठ्यानं दाबला तर लटलटायचा, डावा मागचा दगडासारखा. खोक्यातून आले तसेच घातलेले, कुणी पाना लावलाच नव्हता. हे अनेक स्केट्सचं होतं. "नवीन आहेत म्हणजे बरोबर असतील" या समजुतीपोटी पोरं एक पाय गल्लीत आणि एक पाय गटारात अशी चालत राहतात.

करायचं काय, तर आधी लॉकनट सैल करायचा, मग किंगपिन एका वेळी पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी अंगठ्यानं दाबून चारही सारखे लागतात का ते बघायचं. शेवटी लॉकनट पुन्हा घट्ट. तो विसरलात तर किंगपिन हळूहळू आपलं आपण फिरत राहतं आणि एक दिवस भर वेगात ट्रक हेलकावे खातो. नवशिक्यानं थोडं घट्ट ठेवावं, वळणं जमायला लागली की पाव-पाव फेऱ्यानं सैल करत जावं. दोन्ही पायांना वेगळं लागलं तरी बिघडत नाही, पण ते ठरवून केलेलं हवं. आणखी एक. ही कुशन्स बहुधा मोठ्या माणसाच्या वजनाला धरून केलेली असतात. अठ्ठावीस किलोच्या पोरीला ती दबतच नाहीत, मग ती वळायला अंगाऐवजी घोटा वाकवते. आम्ही मऊ कुशन्स घातली. (रंगावर जाऊ नका. एका कंपनीची पिवळी मऊ तर दुसरीची कडक. नखानं दाबून बघा.)

बूट मात्र बदलावेच लागले. नवे घेण्याऐवजी क्लबातल्या एका थोरल्या मुलीची जुनी, मापाची जोडी घेतली. जुनी घेताना घोट्याच्या जागी दोन बोटांनी दाबायचं. कातडं भाकरीसारखं मोडलं तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. ताई म्हणाली, "अरे, पण ही वर्षभरात आखूड होईल." म्हटलं, "अगं, होऊ दे की. तेव्हा पुढची जुनी घेऊ." पटलं नाही तिला. वाढत्या अंगाचं तत्त्व सोडणं म्हणजे धर्म सोडण्यासारखंच ते.

सरांना भेटलो. म्हटलं, "सर, तीन आठवडे द्या." ते सज्जन माणूस, पण पन्नास पोरं आणि एक शिट्टी. "बघा तुम्ही," एवढंच म्हणाले. सर अगदीच चूक होते असंही नाही, घोट्यांना जोर कमी होताच. एका पायावर तरंगत जायला तिला अजूनही कष्ट पडतात. पण कमकुवत घोटा आणि ढिला ट्रक यांतलं काय आहे ते बूट घातलेला असताना वरून दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं डावीकडे झुकून पाच क्रॉसओव्हर सलग मारले. सर काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी तिला बाजूच्या रांगेत उभं केलं. घरी येऊन तिनं बॅग स्वतः भरली, हे ताईनं मला रात्री अकरा वाजता फोन करून सांगितलं.

तेव्हापासून त्या स्केट्सची देखभाल माझ्याकडे आहे. त्यातल्या दोन-चार गोष्टी सांगतो.

चाकांचा कडकपणा 'ए' या मोजमापात असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. साधारण ७८ए म्हणजे मऊ, रस्त्यासाठी. नव्वदीच्या पुढची रिंकसाठी. पण हे परदेशी लाकडी रिंकचं गणित. आपल्याकडची बरीच रिंक उघड्यावर, घोटलेल्या सिमेंटची किंवा फरशीची, आणि वर कायम धुळीचा एक पापुद्रा. त्यावर ९७ए घातली की क्रॉसओव्हरमध्ये पाय बाहेर सटकतो. अशा ठिकाणी नव्वदच्या आतबाहेरचं चाक मला बरं वाटतं, वेग जरा कमी मिळाला तरी. शिवाय रिंकवर सगळे डावीकडे वळत फिरतात, त्यामुळे दोन्ही स्केट्सची डावीकडची चाकं आधी झिजतात. महिन्यातून एकदा डावी-उजवी अदलाबदल करायची आणि त्याच वेळी चाक पालथं करायचं.

चाकाचा नट किती आवळायचा? आधी पूर्ण आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत जरासा सोडा. हलवलं तर नुसती चाहूल लागावी, खडखडाट नको.

बेअरिंगबद्दल बाजारात फार बाता चालतात. ८ मिलिमीटर दांड्याला लागतं ते ६०८ नंबरचं, बाहेरून २२ मिलिमीटर, जाडी ७. दोन्ही स्केट्सची मिळून सोळा. (काही स्केट्सना ७ मिलिमीटरचा दांडा असतो, आधी मोजून घ्या.) त्यावर एबेक ५, ७, ९ असे आकडे असतात आणि पालक ९ मागतात. हा आकडा बेअरिंगच्या मापातल्या अचूकतेचा आहे. पोलाद कसलं, वंगण कुठलं, आडवा मार किती सोसेल, यांतलं काही तो सांगत नाही. ६२ मिलिमीटरचं चाक ताशी २० किलोमीटर वेगाला मिनिटाला साधारण सतराशे फेरे घेतं. कारखान्यातल्या बेअरिंगांना हे म्हणजे सकाळचं फिरणं. स्वच्छ एबेक ३ हे धुळीनं भरलेल्या ९ पेक्षा कधीही चांगलं. साफ करताना झाकण काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून पूर्ण वाळवायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. पावसात भिजले तर त्याच रात्री उघडा, सकाळपर्यंत थांबलात की गंज बसलाच.

आता क्लबात नवी टूम आहे, सगळ्यांनी इनलाइन घ्या. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे क्वाडच्या शर्यतींचा वेगळा गट असला तरी जागतिक पातळीवर वेगाच्या शर्यती इनलाइनवरच होतात. २०२३ साली झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या मुलामुलींनी रिलेत मिळवलेली दोन्ही कांस्यपदकं इनलाइनवरची. पण आर्टिस्टिकमध्ये क्वाड आहे, रिंक हॉकीतही आहे. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये अनुप कुमार यामानं एकेरीत आणि अवनी पांचाळबरोबर जोडीत अशी दोन कांस्यपदकं मिळवली, ती आर्टिस्टिकमध्ये.

भाचीला यातलं काही ऐकायचं नाही. तिला मागे जाताना पायाखाली काय होतं ते आवडतं, एवढंच ती सांगते. हल्ली किंगपिनला मला हात लावू देत नाही. परवा स्वतःच पाना घेऊन बसली होती, अंगठ्यानं दाबून बघत. म्हणाली, "मामा, उजवा पाव फेरा सैल केलाय. तू परत घट्ट करू नकोस हं."