वाळू आणि तेल

वाळूतून तेल काढणे म्हणजे अशक्यप्राय गोष्ट, हे आपण वामन पंडितांच्या कृपेने लहानपणीच पाठ केले आहे. भर्तृहरीचे नीतिशतक त्यांनीच मराठीत आणले. म्हणूनच, वाळूच्या कणांनी खडकातले तेल सोडवता येते, असे परवा वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

जमिनीखाली तेलाचे हौद नसतात. स्पंजात पाणी राहावे तसे ते खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली सापडलेले ‘मुंबई हाय’चे तेलही असेच चुनखडकात आहे. शेजारच्या विहिरींतून पाणी दाबून तेल पुढे ढकलतात. तरी जगात सरासरी निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते.

अभ्यंगस्नानाच्या पहाटे नुसत्या पाण्याने अंगाचे तेल जात नाही, उटणे लागते. इथे ते काम नॅनोकणांचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, इतके सूक्ष्म कण पाण्यात मिसळले, की ते तेल आणि दगड यांच्या मध्ये शिरतात आणि तेलाची पकड सुटते. लहानपणाचा महिमा पाहा: एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, जवळजवळ दीड एकर!

अर्थात, प्रयोगशाळेत साधते ते खोल खडकात साधेलच असे नाही. तिथल्या उष्ण, खारट पाण्यात कणांच्या गुठळ्या होतात आणि छिद्रेच बुजू शकतात.

आमची आई तेलाची बुधली रात्रभर वाटीवर पालथी घालून ठेवी. वाया जाऊ न देणे हा आपला गृहधर्मच. त्यातून देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. पण खडकातला जो थेंब आपण जाळतो, तो हवा तापवतो. तेव्हा शेवटचा थेंब काढता येईल का, याहून तो काढावा का, हा प्रश्न मला अवघड वाटतो.

वाळूतून तेल मिळेल, पण हट्टी माणसाचे मन वळणार नाही, असे भर्तृहरी म्हणतो. पहिले काम शास्त्रज्ञ कदाचित करतीलही. दुसरे तुमच्याआमच्या घरचे आहे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही मोटार काढणारे आमचे चिरंजीव पाहिले, की भर्तृहरीला माणसे चांगलीच ठाऊक होती, असे वाटू लागते.