जोड जमली पाहिजे

अण्णांच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी त्यांना एक भेट दिली आणि त्या भेटीनेच त्यांचे गाणे महिनाभर बंद पाडले. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. परंतु आपल्यासारख्या व्यापारी घरांत मोठ्या वस्तूची खरेदी उत्साहाने होते आणि पारख मागाहून, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

सांगलीत आमची हळदीची पेढी आहे. गादीवरून निवृत्त झाल्यावर अण्णांचा एकच नेम उरला होता. संध्याकाळचे जेवण आटोपले की माडीवरच्या खोलीत जायचे, तबकडी लावायची आणि मल्लिकार्जुन मन्सूर किंवा भीमसेन जोशी यांचे गाणे डोळे मिटून ऐकायचे. प्रत्येक बाजूस 20 वॅट देणारा त्यांचा ॲम्प्लिफायर जुना होता आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर त्याहून जुने. आम्हाला ते दृश्य दरिद्री वाटे. धाकट्या भावाने छातीएवढ्या उंचीची नवी जोडी आणली. तिच्या पाठीवर 150 वॅट असे ठसठशीत छापले होते. जुने स्पीकर आम्ही वखारीत टाकले. अण्णांना विचारले नाही. त्यांना चकित करायचे होते ना!

समारंभाच्या रात्री पाहुण्यांनी दिवाणखाना भरला. आवाज पुरेसा वाटेना, म्हणून पोरांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. थोड्या वेळाने गाणे कर्कश झाले, जळका वास आला आणि एका बाजूचा स्वर घोंगडीआडून आल्यासारखा मंद झाला. ॲम्प्लिफायरला हात लाववत नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते माडीवर जाईनासे झाले. संध्याकाळी नुसते ओसरीवर बसून राहत. ती शांतता घरातल्या प्रत्येकाला बोचत होती.

मी एका वयोवृद्ध कारागिराला घरी आणले. त्याने पेटी उघडून वरच्या सुरांसाठीचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळाल्याचे दाखवले. मी म्हणालो, ‘‘150 वॅटचा स्पीकर 20 वॅटने कसा जळेल?’’ तो हसून म्हणाला, ‘‘शेठ, 150 वॅट तो देत नाही, तेवढे सोसण्याची त्याची मर्यादा आहे.’’ खर्च सोसण्याची मर्यादा मी उत्पन्न म्हणून वाचली होती! चाळीस वर्षे खतावणी वाचणाऱ्याच्या मुलाकडून ही चूक झाली.

पुढचा हिशेब त्याने कागदावर मांडला. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती आवाज निघतो, हा स्पीकरचा खरा गुण. जुन्या जोडीचा तो 92 डेसिबल होता, नव्या जोडीचा 86. शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा 3 डेसिबल वाढतो. म्हणजे 6 डेसिबलची तूट भरून काढण्यास चौपट शक्ती लागते. जुन्या स्पीकरवर 5 वॅटमध्ये जो आवाज मिळत होता, तेवढ्यासाठी नव्यांना पूर्ण 20 वॅट हवे होते. शिल्लक शून्य! आणि गाण्यात शिल्लक लागतेच. गवई तान घेऊन वर चढतो किंवा तबल्यावर थाप पडते, त्या क्षणी सरासरीच्या दहापट शक्तीची मागणी सहज होते.

दुसरी चूक ओहमची. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान 8 ओहम लिहिले होते आणि नवे स्पीकर 4 ओहमचे. रोध निम्मा झाला की तेवढ्याच दाबाला दुप्पट विद्युतप्रवाह ओढला जातो, म्हणून तो तापला. शक्ती संपल्यावर तो स्वरलहरींचे माथे सपाट कापू लागला. अशा कापलेल्या लहरींतून मूळ गाण्यात नसलेले तीव्र सूर जन्मतात आणि ते सारे नाजूक ट्वीटरवर जाऊन पडतात. त्यामुळे बेताने चालवलेल्या मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा शेवटपर्यंत ताणलेला लहान ॲम्प्लिफायर पुष्कळदा अधिक घातक ठरतो. तुटपुंज्या भांडवलावर मोठा सौदा ओढणाऱ्याची गत आपण बाजारात पाहतोच.

त्या दिवशी प्रथमच मी विचारले, ‘‘अण्णा, तुम्हाला काय हवे?’’ ते म्हणाले, ‘‘मला आवाज नको रे, गाणं हवं. माझे जुने स्पीकर कुठे आहेत?’’

हळदीच्या पोत्यांआड ते सापडले. एकाचा कागदी पडदा उंदरांनी कुरतडला होता. कारागिराने दोन्ही पडदे बदलले, आतली जोडणी तपासली आणि जाड तांब्याच्या तारेने, अधिक-उणे नीट पाहून, त्यांना जुन्या ॲम्प्लिफायरला जोडले. बारा बाय चौदा फुटांच्या त्या खोलीला ते पुरून उरतात. पहिल्या संध्याकाळी अण्णांनी तबकडीवर सुई ठेवली. तंबोऱ्याची जवारी उमटताच त्यांनी डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो. आत जाण्याचे धैर्य झाले नाही.

नव्या जोडीलाही आम्ही टाकले नाही. ट्वीटर बदलून, 4 ओहमचा भार पेलेल असा भरपूर शक्तीचा ॲम्प्लिफायर तिला दिला. आज ती भावाच्या दिवाणखान्यात उत्तम वाजते. दोष तिचा नव्हताच. जोड चुकली होती.

वाचकहो, सणासुदीला अशी खरेदी कराल तेव्हा वॅटच्या मोठ्या आकड्यावर भाळू नका. आधी ओहम जुळतात का ते पाहा, मग स्पीकरचे डेसिबल विचारा, मग खोलीचे माप सांगा. आणि ज्याच्यासाठी घेता त्यालाच दुकानात नेऊन, त्याच्या आवडीचे गाणे लावून ऐकवा.

गेल्या महिन्यात शीतगृहासाठी कर्ज काढण्याचा विचार निघाला, तेव्हा आम्ही दोघे भाऊ कागद घेऊन आधी माडीवर गेलो. अण्णांनी तबकडी थांबवली, आकडे पाहिले आणि एकच विचारले, ‘‘एखादा हंगाम जड गेला तर हाताशी शिल्लक किती?’’ आम्ही कागद घेऊन खाली आलो आणि हिशेब पुन्हा मांडायला बसलो.