माडग्याळच्या माळावर

जतहून माडग्याळकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ सुरू होतो. मुरमाड जमीन, बोरी-बाभळी, मधूनच डाळिंबाचा किंवा द्राक्षाचा एखादा हिरवा तुकडा आणि पुन्हा उघडा माळ. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग अवर्षणाचा. कर्नाटकची हद्द लागूनच, त्यामुळे माणसे एका दमात मराठी आणि कानडी बोलतात. गेल्या फाल्गुनात कामानिमित्त तिकडे जाणे झाले.

माडग्याळची मेंढी आपण पाहिली नसेल तर मुद्दाम पाहावी. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, कान लोंबते आणि नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार. अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. ही मेंढी मांसाची. तिचे कोकरू भराभर वाढते, म्हणून जातिवंत नराला लोक मोठी किंमत मोजतात.

एका म्हाताऱ्या मेंढपाळाबरोबर सकाळभर हिंडलो. रब्बी ज्वारीची काढणी झाली होती. मेंढ्या धसकटांतून वेचत चालल्या होत्या. बाभळीखाली आल्या की पडलेल्या शेंगांसाठी झोंबायच्या. एका वावरात ज्वारीचे कोवळे फुटवे दिसले, तसा बाबांनी काठी आडवी धरून कळप बाजूने काढला. ते फुटवे विषारी असतात हे मी पुस्तकात शिकलो, बाबा माळावर शिकले. दिवसभरात या जनावराच्या तोंडी किती तऱ्हेचा पाला, गवत आणि शेंगा जातात ते मोजू लागलो आणि मोजणे सोडून दिले.

चालता चालता बाबांनी विचारले, “सायेब, तुम्ही शेड बांधा म्हणून सांगता. मग तुमच्या घरी कुठलं मटण शिजतं?”

गेली वीस वर्षे मी बंदिस्त पालनाची भाषणे देत आलो आहे. मला उत्तर सुचेना.

खरे सांगायचे तर चरून, हिंडून वाढलेल्या जनावराच्या मांसात चरबी कमी असते, आणि जी असते तिच्यात हृदयाला मानवणाऱ्या ओमेगा-3 स्निग्धाम्लांचा वाटा, नुसत्या धान्यावर फुगवलेल्या जनावरापेक्षा जास्त असतो. ई जीवनसत्त्वही जास्त मिळते. लोह आणि बी-12 मात्र कुठल्याही मटणात असते, त्यासाठी माळाचे नाव पुढे करू नये. आणि माळावरचे म्हणजे आपोआप निर्मळ, असेही नाही. चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जंत होतात, औषध द्यावेच लागते. ते दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते जनावर कापू नये. फवारलेल्या रानात कळप घालू नये.

दुपारी बाबांच्या घरी गेलो. त्या दिवशी त्यांच्याकडे देवाचे होते. एक नर कापला होता. तो आदल्या संध्याकाळीच घरी आणून लिंबाच्या सावलीत, पाण्याची पाटी पुढे ठेवून बांधला होता. इतर मेंढरांच्या नजरेआड. “भेदरलेलं जनावर चवीला लागत न्हाई,” एवढेच बाबा म्हणाले.

मला माझ्या घरचे जागरण आठवले. थोरल्या मुलाच्या लग्नानंतर ते घातले होते. लांबच्या बाजारातून दोन बोकड घेतले आणि भर वैशाखात, पाय बांधून, टेम्पोत टाकून आणले. पाण्याचा थेंब दिला नाही. उतरवले ते लगेच कापले. मटण काळपट निघाले, शिजून कोरडे झाले आणि उरलेले रात्रीपर्यंत वास मारू लागले. व्याही काही बोलले नाहीत. चूक पूर्ण माझी होती. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. कापल्यावर मांसात जे आम्ल तयार व्हायला हवे ते मग होत नाही, आणि मांस लवकर नासते. हे मी बी. एस्सी.ला पाठ केले होते!

माळ आता कमी होत चालला आहे. गायराने आक्रसली आहेत. सगळ्यांनी मेंढरे हिंडवावीत असे मी कसे म्हणू? ज्यांना शेडशिवाय गत्यंतर नाही त्यांनी निदान मोकळे आवार ठेवावे, शेवरी-हादग्याचा पाला बांधावर लावावा आणि नुसता मका चारून वजन चढवायची घाई करू नये. माझ्या भाषणात यापुढे एवढे तरी असेल.

जेवायला बसलो तेव्हा आजींनी पातेल्यातले अळणी पहिल्यांदा एका वाडग्यात काढले. मला वाटले, पाहुण्यासाठी. त्यांनी त्यात काळजाचे दोन तुकडे आणि मऊ फोडी घातल्या आणि वाडगा आत नेला. आत सून बाळंतीण होती. आपल्याकडे फोडी पुरुषांना आणि रस्सा बायकांना, हीच रीत. लोह असते ते फोडीत, आणि अंगात रक्त कमी असते ते बहुधा बाईच्या. आजींना हे कुणी सांगितले होते कोण जाणे.

आमच्यापुढे भाकरी आणि तांबडा रस्सा त्यानंतर आला.