डोंगराच्या पोटातून की पाठीवरून?

गोव्याला जायचं ठरलं आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. समुद्रावरून नाही की हॉटेलवरूनही नाही. भांडण झालं ते परतीच्या गाडीवरून!

त्याचं असं झालं, दोस्तांनो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण ठाण्याहून मडगावला निघणार होतो. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आमचे बाबा म्हणजे या मुलांचे आजोबा, आणि मी. जाताना कोकण रेल्वे, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण येताना?

"येतानाही तीच!" आठवीतला पुतण्या म्हणाला. त्यानं चक्क वहीत तक्ता काढला होता. कोकण रेल्वेनं सकाळी निघालं की रात्री घरी. दुसरा मार्ग मडगावहून पूर्वेला सह्याद्री चढून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला येतो. दुपारी निघालं तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुणं, आणि तिथून पुन्हा ठाणं! "म्हणजे जवळजवळ एक दिवस फुकट," त्यानं खाली लाल रेघ मारली.

पाचवीतली पुतणी लगेच म्हणाली, "पण त्या मार्गावर दूधसागर आहे!"

आजोबा एरवी अशा वादात पडत नाहीत. त्या दिवशी मात्र ते शांतपणे म्हणाले, "येताना घाटातून येऊ या. मला यायचंय." का, ते सांगितलं नाही. पण आजोबांनी काही मागितलं असं फारसं होत नाही, म्हणून तिकिटं तशीच काढली. पुण्यात आत्याकडे एक दिवस राहायचं ठरलं. पुतण्या दोन दिवस फुगून बसला.

जातानाचा प्रवास झकास झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण 740 किलोमीटरची ही कोकण रेल्वे. तिचं काम 1990 साली हाती घेतलं आणि 26 जानेवारी 1998 रोजी ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. सह्याद्रीचे फाटे आणि पश्चिमेला धावणाऱ्या नद्या सगळ्या आडव्या! त्यांना वळसे घालत बसलं असतं तर गाडी कधी पोचली असती कुणास ठाऊक. म्हणून इंजिनिअरांनी डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, असा सरळ मार्ग काढला. 92 बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल!

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, तब्बल साडेसहा किलोमीटरचा. पुतण्यानं घड्याळ लावलं. काळोख संपता संपेना. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल आला. तो खालच्या जमिनीपासून 64 मीटर उंच आहे. खाली बघून पुतणीनं वहिनीचा हात घट्ट धरला. हिरवी दरी दिसते, पाणी चमकतं, आपण "अरे, ते बघ!" म्हणेपर्यंत पुन्हा बोगदा. डोळ्यांची नुसती उघडझाप!

"बघा, हीसुद्धा सुंदर आहे आणि लवकर पोचवते. मग तो जुना मार्ग हवाच कशाला?" पुतण्या विजयी सुरात म्हणाला.

तेवढ्यात पेडणे आलं. मी म्हटलं, "हे नाव लक्षात ठेव. इथल्या बोगद्यानं फार छळलं. जमीन मऊ, सारखी ढासळायची. कोकण रेल्वेच्या कामात अनेक कामगारांनी जीव गमावलेत. आणि मार्ग तयार झाला म्हणजे डोंगर गप्प बसतो असं नाही. 2003 आणि 2004 सालच्या पावसाळ्यात रुळांवर दरडी येऊन मोठे अपघात झाले. म्हणून पावसाळ्यात इथं गाड्या हळू चालवतात आणि गस्तवाले रुळांवर लक्ष ठेवतात. ऑगस्ट 2020 मध्ये याच पेडण्याच्या बोगद्यात आतली भिंत कोसळली आणि मार्ग बंद पडला. तेव्हा लांबच्या गाड्या कुठून नेल्या असतील?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्या... जुन्या मार्गानं?"

"हो. मडगाव, लोंढा, मिरज, पुणे, पनवेल!"

तो काही बोलला नाही. पण रात्री वहीतल्या तक्त्यात त्यानं काहीतरी खोडलेलं मी पाहिलं.

गोव्यात चार दिवस कसे गेले कळलंच नाही. परतीच्या दिवशी दुपारी आम्ही मडगावला गाडीत बसलो. थोड्या वेळानं कुळे स्टेशन आलं आणि गाडी थांबली. बराच वेळ थांबली. मग मागून एक दणका बसला.

"काय झालं?" पुतणी दचकली.

"इंजिनं जोडली," आजोबा म्हणाले. "घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं लागतात. रेल्वेतली माणसं त्यांना बँकर म्हणतात." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. कोकण रेल्वेवर साधारण 150 मीटर पुढे गेलं तर जास्तीत जास्त 1 मीटर चढ असतो. इथे 37 मीटरमध्येच 1 मीटर चढावं लागतं! लोखंडी चाकं आणि लोखंडी रूळ दोन्ही गुळगुळीत, मग एवढ्या चढावर जड गाडी एकट्या इंजिनाला कशी ओढवणार? कुळे ते कॅसलरॉक अंतर फक्त 26 किलोमीटर, पण गाडी अगदी गोगलगायीसारखी चालते. देशावरचा माल मुरगाव बंदरात उतरवता यावा म्हणून 1880च्या दशकात हा मार्ग बांधला. तेव्हा रूळही आजच्यापेक्षा अरुंद होते. नव्वदीच्या दशकात ते रुंद केले.

"आजोबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?" पुतण्यानं विचारलं.

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील कॅसलरॉकला पॉइंट्समन होते. रुळांचे सांधे बदलायचं काम. आम्ही तिथंच रेल्वेच्या खोलीत राहायचो. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीचं स्टेशन! कस्टमवाले सगळ्यांच्या पेट्या उघडून बघायचे. घाटातून वर आलेली माणसं म्हणायची, धबधब्याचं पाणी खिडकीतून अंगावर उडालं. मी वडिलांच्या मागे लागायचो, मलाही न्या. ते म्हणाले, पाऊस सरला की नेतो."

"मग?"

"मग 1955 साल आलं. गोव्याच्या मुक्तीची चळवळ पेटली होती. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या. मी नऊ वर्षांचा होतो. पुढे वडिलांची बदली झाली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, गाड्याही परत सुरू झाल्या, पण आम्ही लांब गेलो होतो. वडीलही लवकर गेले. राहिलंच ते."

डब्यात आम्ही सगळे गप्प झालो. गाडी आता दाट जंगलातून हळूहळू चढत होती. एकामागून एक बोगदे येत होते, पण लहान लहान. आत शिरेपर्यंत बाहेर!

आणि मग कुणीतरी ओरडलं, "दूधसागर!"

आधी तो दुरून दिसला, हिरव्या डोंगरावर पांढरी धार. गाडी वळत वळत थेट त्याच्या पुढ्यात आली. वर बघितलं तरी पाणी आणि खाली बघितलं तरी पाणी! मांडवी नदी इथं 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि गाडी तिच्या मधल्या अंगावरून, पुलावरून जाते. पावसाळा सरला होता तरी गार तुषार खिडकीतून आत आले. पुतण्यानं आपली खिडकीची जागा आजोबांना कधीच दिली होती. आजोबांनी चष्मा काढला. तो तुषारांनी ओला झाला होता की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही.

कॅसलरॉकला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ढकलणारी इंजिनं इथं सुटतात, म्हणून गाडी थांबते. आजोबा नातवाचा हात धरून फलाटावर उतरले. खोली कुठे होती ते त्यांना नक्की सापडलं नाही. सगळं बदललं होतं. पण ते म्हणाले, "वास तोच आहे रे, ओल्या जंगलाचा!"

पहाटे पुण्याला उतरताना पुतण्या पेंगत होता. तरी मला म्हणाला, "काका, एक दिवस फुकट नाही गेला हं."

तर दोस्तांनो, तुम्हीही कधी असा मार्ग निवडाल. घाईचं काम असेल, कुणी आजारी असेल, तर खुशाल सरळ मार्गानं जा. तो तुमच्यासाठीच कुणीतरी घाम गाळून खोदलाय. पण वेळ असेल तर घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, "तुम्हाला कुठून जायचंय?" वेळापत्रकात घाटाची वेळ मात्र नीट बघा. रात्रीच्या अंधारात घाट ओलांडणाऱ्या गाडीत बसून काय दिसणार? आणि हो, दारात उभं राहायचं नाही, धबधब्याजवळ गाडी थांबली तरी रुळांवर उतरायचं नाही. खिडकीतून सगळं दिसतं.

फक्त खिडकी आजोबांना द्या!