सुप्याचे रुपे

पुण्याहून नगरची एस. टी. धरली, की शिरूरला घोड नदी ओलांडताना जिल्हा बदलतो. पुढे झाडी कमी आणि आकाश फार, अशी वाट लागते. नगर तीस-पस्तीस किलोमीटर उरले, की सुपा येते. इतिहासाच्या पुस्तकात शहाजीराजांच्या जहागिरीतले म्हणून जे सुपे भेटते, ते हे नव्हे, ते बारामतीकडचे. आमचे सुपा पारनेर तालुक्यातले. आता तिथे औद्योगिक वसाहत झाली आहे, माळावर पवनचक्क्या फिरतात, आणि मालमोटारींची रीघ अशी, की रस्ता ओलांडून चहा प्यायचा तर माणसाला मनाचा हिय्या करावा लागतो.

आमची आत्या या गावात दिली. ऐंशी केव्हाच उलटली आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. यंदाच्या उन्हाळ्यात गेलो, तो घरात तोड्यांचा वाद पेटलेला.

हे तोडे आत्याच्या सासूचे, पायातले. वजन चाळीस रुपये भार. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या पिढीसाठी सांगतो, की पूर्वी रुपया हेच सोनाराचे वजन असे. रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. म्हणजे जोडी सुमारे साडेचारशे ग्रॅमची. बाई ती पायांत घालून शेतात जात असे! सोने पायांत घालायचे नाही, कारण ती लक्ष्मी. म्हणून कुणब्याच्या घरातली शिल्लक बाईच्या पायांत रुप्याच्या रूपाने राही. अडचण आली, की ‘मोडायची’. १९७२ च्या दुष्काळात आत्याच्या साखळ्या, वाळे, कमरपट्टा सगळे मोडले. तोडे तेवढे तिने बाजरीच्या कणगीत पुरून ठेवले आणि नवऱ्यालाही सांगितले नाही.

२०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, तेव्हा आत्येभावाने तोडे बाहेर काढले. ते कोळशासारखे काळे. तो ते एका सराफाकडे घेऊन गेला. सराफाने नखाने खरवडून पाहिले, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, “चांदी खराब झालीय. पाचातला एक भाग तूट धरावी लागेल.” आत्येभाऊ तेवढ्यावरही राजी होता. आत्या नव्हती. “सासूबाईंनी राणीछाप रुपये आटवून केलेत, त्यात तूट कसली?” एवढेच ती म्हणत राहिली. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच सांगा यांना.” मराठीच्या प्राध्यापकाला चांदीतले काय कळणार, हे घरात कोणी विचारले नाही.

मात्र आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक स्नेही आहेत, त्यांना गाठले. चांदीच्या काळेपणाला ‘गंज’ म्हटलेले त्यांना खपत नाही. लोखंडाला प्राणवायू खातो, चांदीला गंधक. सडक्या अंड्याला जी दुर्गंधी येते त्या हायड्रोजन सल्फाइडचा अंश हवेत असतो. दमट हवेत तो चांदीवर काळा पापुद्रा धरतो. हिणकस चांदी लवकर काळवंडते हे खरे, पण चोख चांदीही काळी पडतेच. नुसत्या काळ्यावरून कस ठरत नाही. आणि गंमत अशी, की त्या पापुद्र्याच्या १०० भागांत ८७ भाग चांदीच असते. म्हणजे काळे घासून काढणारा चांदीच घासून काढतो.

याचा पुरावा आत्याच्याच देवघरात होता. याच तालुक्यातल्या कोरठणच्या खंडोबाचा तिथे टाक आहे. तीन पिढ्यांच्या सुनांनी दर सणाला तो आधी राखुंडीने, मग दंतमंजनाने घासला. आज घोडा ओळखू येतो. देवाचे नाक-डोळे मात्र सपाट झाले आहेत.

मग तोडे इतके काळे का झाले? सुप्याची हवा तर कोरडी. उत्तर परसात होते. या भागात कांदा फार. आत्येभावाची कांद्याची चाळ घराला लागूनच, आणि तोड्यांचा डबा तिच्याच भिंतीतल्या कोनाड्यात. कांद्याचा वास हाच मुळी गंधकाचा. सडू लागला, की विचारूच नका. त्यावर तोडे गुंडाळले होते लोकरीच्या जुन्या कानटोपीत आणि वर रबराचे वेढे. लोकरीत गंधक असतो, रबर तर गंधक घालूनच पक्के करतात. वैऱ्याने बांधावे तसे ते बांधले होते.

स्नेह्यांनी सांगितलेला उपाय आम्ही एका तोड्यावर करून पाहिला. ॲल्युमिनियमचे पातेले, कढत पाणी, मूठभर खाण्याचा सोडा, थोडे मीठ. दागिना पातेल्याच्या तळाला टेकलेला. घाण सुटली, आणि हां हां म्हणता तोडा पांढरा झाला. गंधक ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी जागच्या जागी राहते. आत लाख भरलेल्या पोकळ वाकीला किंवा खड्यांच्या दागिन्याला हा उपाय करू नये, लाख वितळते. मला मात्र तो तोडा आवडला नाही. खाचांतला काळा गेला, त्याबरोबर नक्षीही निघून गेल्यासारखी वाटली. दुसरा आत्याने पातेल्यात घालू दिला नाही. रिठ्याच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसला. उंचवटे उजळले, खाचा काळ्याच राहिल्या. दोन्ही शेजारी ठेवले, तर दुसराच जुना आणि खरा दिसे.

तोडे घेऊन मग आम्ही चांदीचा कस यंत्रावर क्ष-किरणांनी पाहतात तिथे गेलो. आकडा ९१ आणि ९२ च्या मध्ये आला. १९४० पूर्वीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, त्या साली सरकारने ती निम्म्यावर आणली. अकरा-बारांशाचा हिशेब ९१.६७ होतो. आत्येभाऊ बराच वेळ तो कागद पाहत राहिला. त्याला तुटीचा नव्हे, आईला खोटे पाडल्याचा विषाद वाटत असावा.

आता तोडे धुतलेल्या सुती फडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषायला खडूचा तुकडा घालून माजघरातल्या फडताळात ठेवले आहेत. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतील, पण फटाके उडतात त्या ओसरीवर नव्हे. फटाक्यांच्या दारूतही गंधकच. विकायचे की नाही, ते ठरलेले नाही. दिवाळीनंतर भाव पाहू, असे आत्येभाऊ अजून म्हणतो.