‘साचेबंद’ या शेऱ्याविषयी

२०१२ साली एम. फिल.च्या एका विद्यार्थ्याने माझ्याकडे लघुप्रबंधाचा आराखडा आणून दिला. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणि ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या नावाने इंग्रजीत पोहोचलेली एक जपानी चलत्‌चित्रमालिका यांच्यातील अद्भुताची तुलना त्याला करायची होती. आराखड्याच्या पहिल्या पानावर मी लाल पेन्सिलीने ‘साचेबंद कृती, टीकेला वाव नाही’ असा शेरा मारला. विद्यार्थी हुज्जत घालणारा नव्हता. ‘बरं, सर,’ म्हणाला आणि पंधरा दिवसांनी ग्रामीण कादंबरीवरचा एक सुरक्षित विषय घेऊन आला. त्यावर त्याला पदवीही मिळाली. मालिका मी पाहिलेली नव्हती, हे त्याला ठाऊक होते. मला मात्र त्याचे काही वाटले नव्हते.

पुढे २०१७ मध्ये फनिमेशन या कंपनीने ती मालिका अमेरिकेत ब्लू-रे तबकड्यांवर काढली. वर्षभराने तो भेटायला आला तेव्हा तो संच माझ्या टेबलावर ठेवून गेला. ‘वेळ झाला तर बघा,’ एवढेच म्हणाला. संच कपाटात राहिला. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो बाहेर काढला आणि तेराही भाग पाहिले.

प्रथम हे मान्य करायला हवे, की मालिका साचेबंद आहे. कलंकित सरदाराचा मुलगा पार्न, त्याचा पुरोहित मित्र एटो, जादूगार स्लेन, ड्वॉर्फ जातीचा गिम, एल्फकन्या डीडलिट आणि चोर वुडचक असे सहाजण एका शापित बेटावर निघतात. वाटेत राक्षस, मग राजदरबार, मग महायुद्ध. प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतील एकतीस कार्यांची यादी दिली, ती हाताशी घेऊन बसलो असतो तरी भागागणिक खुणा करता आल्या असत्या. पार्न जिंकणार आणि डीडलिट त्याच्यावर प्रेम करणार, हे दुसऱ्या भागातच कळते. माझा शेरा वर्णन म्हणून खोटा नव्हता. वर्णनालाच मी मूल्यनिर्णय समजलो, ही खरी अडचण होती. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. राजवाड्यांच्या १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधापासून अद्भुत आणि वास्तव अशी जी वाटणी आपण वापरत आलो, तिच्यात अद्भुताच्या वाट्याला बहुधा पोरकटपणाच आला आहे. वर्गात मीही तेच शिकवत आलो.

पण हा साचा आला कोठून, हे पाहू लागल्यावर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. लोडॉसचे मूळ कादंबरीत नाही, ते एका खेळात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेला खेळ. चार-सहाजण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एका पात्राची भूमिका घेतो, एकजण कथा चालवतो आणि घाव लागला की चुकला हे फासे ठरवतात. जपानमध्ये ग्रूप एसएनई या मंडळींनी असा खेळ मांडला. कथा चालवणारा होता र्‍यो मिझुनो. खेळताना झालेले संभाषण १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ या मासिकात जवळजवळ जसेच्या तसे छापले जाऊ लागले. या लेखनप्रकाराला तेथे ‘रिप्ले’ म्हणतात. त्यातली डीडलिट हिरोशी यामामोतो या लेखकाने खेळलेली होती. मालिकेतील सर्वांत नाजूक स्त्रीपात्राचा पहिला आवाज एका पुरुषाचा होता, ही गोष्ट पात्रनिर्मितीच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे. पुढे मिझुनोने १९८८ पासून त्यावर कादंबऱ्या लिहिल्या आणि कादंबऱ्यांवरून मॅडहाउस या संस्थेने मालिका केली.

म्हणजे योद्धा, पुरोहित, जादूगार, चोर ही पात्रे मुळात खेळाडूंची आसने होती. ती ठरीव असणे भाग होते. घडणार काय, ते मात्र फाशांवर सोडलेले होते. चौकट पक्की आणि घटना अनिश्चित, असा तो करार होता. संहिता कादंबरीत आणि तेथून पडद्यावर गेली तेव्हा आसने तशीच राहिली आणि फासे गळून पडले. लोडॉसचा ठोकळेबाजपणा मला आता या गळतीचा परिणाम वाटतो. कल्पनाशक्ती तोकडी पडल्याचे ते लक्षण नसावे.

दुसरा भाग विक्रीचा. ही मालिका दूरचित्रवाणीसाठी केलेली नव्हती. १९८३ च्या ‘डॅलोस’पासून जपानमध्ये थेट व्हिडिओवर विकण्यासाठी चित्रे काढण्याची प्रथा पडली होती, लोडॉसचे तेरा भाग त्या पद्धतीने जून १९९० ते नोव्हेंबर १९९१ या काळात निघाले. प्रेक्षक येथे गिऱ्हाईक असतो आणि पुढचा भाग येईपर्यंत हातातली फीत पुन्हा पुन्हा पाहतो. पहिल्या भागाची रचना यातून समजते. कथा मध्येच सुरू होते: सहाजण ड्वॉर्फांच्या ओसाड भुयारांतून चाललेले असतात, आणि ड्रॅगन पहिल्याच भागात येतो. सहाजण एकत्र कसे आले, हे सांगण्यासाठी दुसरा भाग मागे जातो. काव्यशास्त्रात या तंत्राला प्रतिष्ठित नावे आहेत; येथे ते पहिली फीत खपावी म्हणूनही असणार. पहिल्या भागातील रेखाटनाची श्रीमंती पुढे उतरत जाते. स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकतो आणि हालचालीचा भास होतो. मला हे स्थिर तुकडेच अधिक आवडले, हे कबूल करतो. नोबुतेरु युकीने रेखलेले चेहरे थांबलेले असताना बोलके वाटतात.

आता आठव्या भागाविषयी. कार्ला ही करडी चेटकीण प्राचीन कास्तूल राज्याची शेवटची शिल्लक आहे. प्रकाश किंवा अंधार यांपैकी कोणाचाच पूर्ण विजय होऊ नये, हे तिचे व्रत. ती एका शिरोभूषणात वास करते; जो ते घालेल, त्याचे शरीर तिचे होते. लेलिया या तरुणीचे शरीर तिने असेच व्यापलेले असते. गिम लेलियाला सोडवतो आणि त्यात मरतो. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे. गिम मरणार, हे मला दोन भाग आधी कळले होते. तरीही तो मेला तेव्हा मी यंत्र थांबवून थोडा वेळ बसून राहिलो. मग वुडचक, उमेदीची वर्षे तुरुंगात घालवलेला चोर, ते शिरोभूषण उचलतो. त्याचे सोबती पाहत राहतात आणि कार्ला त्याच्या रूपाने निघून जाते. नायकांचा विजय झालेला असतो, पण त्यांच्यातलाच एकजण गेलेला असतो. त्याला परत आणण्याची सोय पुढच्या भागांत नाही. साच्यात ही घटना बसत नाही. टेबलाभोवतीच्या खेळात एखाद्याचे पात्र असेच हातचे जाते, तसा तिचा चटका आहे. गळलेला फासा येथे क्षणभर परत आल्यासारखा वाटतो.

नवव्या भागापासून मात्र घसरण आहे. कादंबरीमाला १९९३ पर्यंत चालली. मालिकेला १९९१ मध्येच शेवट हवा होता. मूळ कथेने अजून न सांगितलेला शेवट मालिकाकारांना स्वतः रचावा लागला. मग नायिकेचे अपहरण, बळीची वेदी, विनाशदेवता कार्डिसचे पुनरुत्थान आणि अखेरच्या क्षणी सुटका, असे जे सर्वांच्याच गाठीला असते ते बाहेर आले. पुढे १९९८ मध्ये सत्तावीस भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली, तेव्हा हे शेवटचे पाच भाग बाजूला सारून कथा वेगळी सांगितली गेली. म्हणजे ‘साचेबंद’ हे विशेषण संपूर्ण कृतीला सारखे लागू पडत नाही. पहिल्या आठ भागांत साचा हा खेळाचा नियम आहे. शेवटच्या पाचांत तो घाईतला आधार आहे. हा भेद न करता मारलेला शेरा हा टीकेचा आळस ठरतो.

हे टिपण येथवर लिहून झाल्यावर मी जुन्या फायलींतून तो आराखडा शोधून काढला. सात पानांचा होता. माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबतात. पाचव्या पानावर, काहीशा बोजड वाक्यांत, पहिले आठ भाग आणि नंतरचे पाच यांतील फरक मांडलेला आहे. वुडचकवर एक स्वतंत्र परिच्छेद आहे. फाशांचा मुद्दा त्याच्याकडे नव्हता, तो माझा आहे. पण तो येथवर सहज पोहोचला असता.

एम. फिल. हा अभ्यासक्रमच आता बंद झाला आहे. विद्यार्थी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. पाचव्या पानाची छायाप्रत आणि हे टिपण मी त्याला पाठवले आहे. छापण्यापूर्वी त्याने काही दुरुस्त्या सुचवल्या, त्यांपैकी दोन स्वीकारल्या आहेत. कार्लाविषयी मी लिहिलेले त्याला पटलेले नाही. तिचे व्रत मी फारच सहानुभूतीने वाचतो, असे तो म्हणतो.